‘डार्क साइड’ चार रूपांत: आधी व्हॉल्यूम जुळवा, मग भांडा

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत आधी मांडतो, म्हणजे माझी समजण्यात चूक होत असेल तर लगेच कळेल. घरात पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ चार रूपांत आहे. वडिलांनी ऐंशीच्या दशकात मित्राच्या एलपीवरून (मोठ्या रेकॉर्डवरून) भरून घेतलेली कॅसेट, नव्वदच्या दशकात मुंबईला ऱ्हिदम हाऊसमधून आणलेली सीडी, गेल्या वर्षी हौसेनं घेतलेली १८० ग्रॅमची नवी एलपी आणि फोनवरचं हाय-रेझोल्यूशन स्ट्रीमिंग. मित्र म्हणतो एलपीसमोर बाकी सगळं फिकं. तुम्हाला स्वतःला सीडी ‘स्वच्छ’ वाटते, स्ट्रीमिंग ‘भरीव’ वाटतं, एलपी कधी सुंदर तर कधी ‘फाटलेली’ वाटते. मग यातलं चांगलं कोणतं, आणि पुढचे वीस-पंचवीस हजार कशावर घालवायचे?

मी पंचवीसेक वर्षं रेकॉर्डिंग आणि मास्टरिंगच्या कामात आहे. गेली काही वर्षं मुख्यतः लोकांच्या जुन्या रेकॉर्ड आणि कॅसेट डिजिटल करून देतो. त्यामुळे हा वाद माझ्या टेबलावर महिन्यातून दोनदा तरी येतो, आणि दर वेळी मला तीच गोष्ट आधी सांगावी लागते: तुम्ही चार फॉरमॅटची तुलना करत नाही आहात. तुम्ही चार वेगवेगळ्या मास्टरिंगची (विक्रीच्या प्रतीवर फिरवलेल्या शेवटच्या हाताची), चार वेगवेगळ्या व्हॉल्यूमवर, चार वेगवेगळ्या यंत्रांमधून तुलना करताय आणि निकाल मात्र फॉरमॅटच्या नावावर लावताय. आमटी चार डब्यांतून आली आणि चव चार प्रकारची लागली, तर दोष डब्याचा म्हणायच्या आधी प्रत्येकीला फोडणी कुणी आणि कधी दिली ते विचारायला हवं.

या अल्बमच्या फोडण्या बऱ्याच आहेत. मूळ रेकॉर्डिंग १९७२-७३ मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत झालं. इंजिनिअर होते अ‍ॅलन पार्सन्स, मिक्सिंगच्या वेळी ख्रिस थॉमस यांना बोलावलं होतं, आणि अल्बम मार्च १९७३ मध्ये बाजारात आला. ते स्टीरिओ मिक्स, म्हणजे सगळे ट्रॅक दोन स्पीकरांसाठी एकत्र केलेलं रूप, एकच. पण त्या मिक्सवरून विक्रीची प्रत तयार करताना शेवटचा हात फिरवतात, म्हणजे खर्ज किती, तार सप्तकाची धार किती, एकूण पातळी किती वर न्यायची हे ठरवतात. ते मास्टरिंग, आणि ते पुन्हा पुन्हा झालंय. १९९२ मध्ये डग सॅक्स यांनी केलं, २००३ मध्ये तिसाव्या वर्षानिमित्त जेम्स गथ्री आणि सॅक्स यांनी, २०११ मध्ये पुन्हा गथ्री यांनी, २०१६ च्या एलपीसाठी गथ्री, जोएल प्लांट आणि बर्नी ग्रंडमन यांनी, आणि पन्नास वर्षं झाली तेव्हा २०२३ मध्ये आणखी एकदा. शिवाय वेगळी मिक्सच आहेत ती निराळी: पार्सन्स यांचं चार स्पीकरांसाठीचं क्वाड्राफोनिक, गथ्री यांचं २००३ चं सहा स्पीकरांसाठीचं ५.१ आणि २०२३ चं चहूबाजूंनी ऐकू येणारं अ‍ॅटमॉस. ही तर वेगळी आमटीच झाली. तुमच्या फोनवर अ‍ॅटमॉस ‘ऑटोमॅटिक’वर असेल आणि हेडफोन त्याला चालणारा असेल, तर तुम्ही सीडीशी तुलना करताना स्टीरिओ मिक्स ऐकतच नव्हता. तुमचं ‘भरीव’ तिथून आलं असण्याची दाट शक्यता आहे. आधी सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा.

मास्टरिंगचा फरक फॉरमॅटच्या नावावर कसा खपतो याचा नमुना याच अल्बमच्या २००३ च्या हायब्रिड एसएसीडीत (सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या तबकडीत) मिळतो. त्या एकाच तबकडीत दोन थर आहेत, एक साध्या सीडी प्लेअरसाठी आणि एक एसएसीडी प्लेअरसाठी. लोक बटण दाबून दोन्ही ऐकायचे आणि म्हणायचे, ‘बघ, एसएसीडी किती मोकळा!’ मोजणाऱ्यांनी मोजलं तेव्हा दिसलं की सीडीच्या थरातला स्टीरिओ आवाज जास्त दाबलेला (हळू आणि मोठ्या आवाजांतलं अंतर कमी केलेला) आणि वर उचललेला होता, एसएसीडीच्या थरातला तसा नव्हता. कानाला ऐकू आलेला फरक खराच होता, पण त्याचं श्रेय एसएसीडीला देता येत नव्हतं. तोच मोकळा आवाज साध्या सीडीवर घातला असता तर तिथेही मोकळाच लागला असता.

उलट बाजूनं मेटालिका या हेवी मेटल बँडचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ आठवा. सीडी इतकी दाबलेली की ड्रमचा प्रत्येक ठोका करकरतो. आणि त्याच वेळी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममध्ये आलेली तीच गाणी लक्षणीय मोकळी होती, कारण गेमसाठी गाण्याचे सुटे ट्रॅक दिले होते, शेवटचा दाबलेला मसाला नव्हे. ते मास्टर करणारे टेड जेन्सन यांनी पुढे सांगितलं की त्यांच्याकडे मिक्स आलं तेच दाबलेलं आलं होतं. दोन्हीकडे डिजिटलच, तरी जमीन-अस्मानाचा फरक. ‘डिजिटल कोरडं असतं’ म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो, आणि ‘डिजिटल परिपूर्ण असतं’ म्हणणाऱ्यांनाही हेच देतो.

आता व्हॉल्यूम. कानाची एक खोड आहे: आवाज जरासा मोठा झाला की तो मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. कमी पातळीवर आपल्याला खर्ज आणि अगदी वरच्या पट्टीतले स्वर कमी ऐकू येतात. पातळी वाढली की ते भरून येतात. एक डेसिबलचा फरक ‘व्हॉल्यूम वाढलाय’ असा जाणवत नाही, पण ‘यात जीव आहे’ असा नक्की जाणवतो. तुमच्या फोनो प्रीअँपमधून (टर्नटेबलचा बारीक आवाज वाढवणाऱ्या डबीतून) एलपी किती पातळीवर येते, सीडी प्लेअर किती व्होल्ट देतो, स्ट्रीमिंगचं अ‍ॅप स्वतःहून पातळी किती खाली आणतं (स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला सुमारे उणे १४ एलयूएफएसवर, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या पातळीच्या एककात, आणतं), हे तिन्ही आकडे वेगळे. तेव्हा चहा पिता पिता इनपुटचं बटण फिरवून केलेली तुलना म्हणजे कुठलं यंत्र जास्त जोरात वाजतं याची परीक्षा.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त बँक अधिकारी एका रॉक अल्बमची एलपी आणि त्याचीच सीडी घेऊन आले. दोन्ही विकत घेतलेल्या, दोन्ही उत्तम अवस्थेत. त्यांच्या मते एलपीत ‘माणूस समोर गातो’. मी दोन्ही संगणकात घेतलं आणि आधी त्यांना मुद्दाम न जुळवता ऐकवलं. सीडी जवळजवळ पाच डेसिबल मोठी होती. पहिल्या दहा सेकंदांत त्यांनी सीडी निवडली आणि स्वतःच गोंधळले. मग पातळी जुळवली. आता त्यांनी पडद्याकडे न बघता दर वेळी एलपी ओळखली आणि निवडली. सुखावले. म्हणाले, ‘बघा, मी सांगत होतो.’ मग मी एलपीवरून संगणकात घेतलेला तो आवाज साध्या सीडीच्या दर्जाला, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४४,१०० मोजमापं) आणि १६ बिटला आणला, कोऱ्या सीडीवर लिहिला, आणि त्यांची एलपी व ती सीडी जुळवलेल्या पातळीवर एकमेकांसमोर लावली. त्यांना ओळखता आली नाही. मलाही नाही. खरखर, तो हवेशीर ड्रम, गाण्यामधली हलकी घरघर, सगळं सीडीवर जसंच्या तसं आलं होतं.

या एका प्रयोगातून मला जे कळलं ते कुठल्याही तांत्रिक पुस्तकातून इतकं स्पष्ट कळलं नव्हतं. एलपीचा आवाज सीडीत मावतो. सीडीत जे जे मावतं ते सगळं एलपीवर मावेलच असं नाही. तरीही त्यांची एलपी त्यांच्या सीडीपेक्षा चांगली होती, कारण एलपीसाठी केलेलं मास्टर कमी दाबलेलं होतं. तुमचा मित्र कदाचित याच अर्थानं बरोबर असेल. कारण मात्र तो चुकीचं सांगतोय.

म्हणजे फॉरमॅटला स्वतःचा आवाज नसतोच का? असतो, आणि एलपीला सगळ्यात जास्त असतो. तुम्हाला ती कधी सुंदर, कधी फाटलेली का वाटते ते इथे आहे.

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, कडेला असो वा मध्याजवळ. पण कडेचा फेरा मोठा, मध्याजवळचा छोटा. सुरुवातीला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर खाच सरकते. शेवटी शेवटी जेमतेम २१. म्हणजे तोच एक सेकंदाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. वरच्या पट्टीतले स्वर तिथे इतके दाटीवाटीनं बसतात की सुईच्या टोकाला त्यांच्या वळणांत नीट शिरता येत नाही, आणि ‘स’, ‘श’, सिंबल, चढा आवाज हे सगळं चरचरायला लागतं. आता या अल्बमची पहिली बाजू कशावर संपते? ‘द ग्रेट गिग इन द स्काय’. गायिका क्लेअर टॉरी यांचा तो शब्दांशिवायचा, आभाळाला भिडणारा आवाज नेमका सगळ्यात अडचणीच्या जागी आलाय. दुसरी बाजू ‘एक्लिप्स’वर संपते, म्हणजे पूर्ण वाद्यमेळ आणि कोरस पुन्हा त्याच कोपऱ्यात. तुमची एलपी पहिल्या बाजूच्या सुरुवातीच्या ‘ब्रीद’ला सुंदर आणि ‘ग्रेट गिग’ला फाटलेली वाटत असेल तर कानात दोष नाही. तबकडीतही कदाचित नाही. बहुतेक सुईत आहे.

आणखी एक गोष्ट ऐकून बघा. ‘ग्रेट गिग’ बँडचे कीबोर्डवादक रिचर्ड राइट यांच्या पियानोनं सुरू होतं. लांब सुटलेल्या स्वराकडे लक्ष द्या. तो किंचित झुलतो का? झुलत असेल तर तबकडीचं भोक बरोबर मध्यात पडलेलं नाही. भोक अर्धा मिलिमीटर सरकलं तर कडेला वेगात साधारण एक तृतीयांश टक्क्याचा हेलकावा येतो, मध्याजवळ पाऊण टक्क्याहून जास्त. गिटारवर तो लपतो, पियानो मात्र लगेच सांगून टाकतो. मी कुठलीही नवी एलपी हातात आली की आधी तिच्यातला पियानो शोधतो, ही त्यामुळे लागलेली सवय.

आणि सुरुवात. अल्बम उघडतो तो हृदयाच्या ठोक्यांनी, जे जवळजवळ शून्यातून वर येतात. सीडीवर तुम्हाला ‘ठोका आत्ता सुरू झाला’ ते कळतं. एलपीवर आधी सुई टेकल्याचा ठप्पकन आवाज, मग धुळीची टिकटिक, आणि त्या टिकटिकीतून ठोका कधी वेगळा झाला ते सांगता येत नाही. काहींना तेच आवडतं. मी त्यांच्याशी भांडत नाही. फक्त तो आवाज १९७३ मध्ये स्टुडिओत कुणी भरला नव्हता, एवढं लक्षात असू द्यावं.

एलपीची दुसरी बाजूही सांगायला हवी. खोल खर्ज डाव्या-उजव्यात फार वेगळा ठेवला तर सुई खाचेतून उडी मारते, म्हणून तबकडी कापताना खर्ज मध्यभागी आणतात. फार तीव्र ‘स’ कापणाऱ्या यंत्रालाच झेपत नाहीत, म्हणून तेही आवरतात. या बंधनांमुळे एलपीसाठी वेडीवाकडी दाबादाबी करून फारसा फायदा नसतो. एलपीचं मास्टर अनेकदा सभ्य असतं ते यामुळे. अनेकदा म्हटलं, नेहमी नाही; आजकाल सीडीचंच मास्टर उचलून तबकडी कापल्याचीही उदाहरणं आहेत.

इथे एक इशारा. नेटवर अल्बमच्या डायनॅमिक रेंजचे (हळू-मोठ्या आवाजांतल्या अंतराचे) आकडे देणारी यादी असते आणि तिथे एलपीला जवळजवळ नेहमी सीडीपेक्षा चांगले गुण दिसतात. त्यावर डोळे मिटून विसंबू नका. त्याच दाबलेल्या मास्टरवरून एलपी कापली आणि परत संगणकात घेतली, तरी सुई आणि फिल्टरमधून जाताना लाटेचा आकार थोडा बदलतो, शिखरं वर येतात आणि मीटर जास्त गुण देतो. ऐकायला काहीच मोकळं झालेलं नसतं. दोन डिजिटल प्रतींची तुलना करायला तो आकडा ठीक आहे, एलपी विरुद्ध सीडी करायला नाही.

सीडीबद्दल कमी बोलण्यासारखं आहे आणि तेच तिचं गुणवर्णन. ४४.१ किलोहर्ट्झ म्हणजे साधारण २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर, १६ बिट म्हणजे सुमारे ९६ डेसिबलची रेंज. रॉक अल्बमला ही जागा भरपूर. तुमच्या सीडीचं मागचं कव्हर आणि आतलं पुस्तक बघा. डग सॅक्स यांचं नाव असेल तर १९९२ चं मास्टर, नसेल तर बहुधा त्याआधीचं. दोन्ही आजच्या मानानं मोकळी आहेत. ती सीडी विकू नका. एक आडवाट: ऐंशीच्या दशकातल्या काही सीडींवर, विशेषतः जपानी, वरची पट्टी मुद्दाम वाढवून भरलेली असते आणि प्लेअरनं ती परत खाली आणायची असते. संगणकात घेताना सॉफ्टवेअरनं ही खूण ओळखली नाही तर सगळं टोचतं आणि माणूस म्हणतो, ‘जुन्या सीडी कर्कशच असायच्या.’

हाय-रेझोल्यूशनचं. रेकॉर्ड करताना, मिक्स करताना २४ बिट मला लागतातच, चुकीला जागा राहते म्हणून. पण तयार झालेलं गाणं घरी ऐकताना ९६ किलोहर्ट्झ आणि ४४.१ यांत मला फरक ऐकू येत नाही. मी पन्नाशी ओलांडलीय, १३ किलोहर्ट्झच्या वर मला फारसं ऐकू येत नाही, त्यामुळे माझ्या कानावर जाऊ नका, स्वतः तपासा. पण तपासताना २४ बिटची नवी प्रत आणि तुमची जुनी सीडी समोरासमोर ठेवू नका, कारण मग पुन्हा दोन मास्टर झाली. हाय-रेझ फाइल विकत घ्या, तिचीच एक प्रत १६ बिट, ४४.१ ला आणा आणि त्या दोघींची तुलना करा. आता बदलला तो फक्त फॉरमॅट. विकत घेतलेली हाय-रेझ फाइल खरी आहे का हे बघायला स्पेक नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते आवाजाचं चित्र काढून देतं. चित्र २२ किलोहर्ट्झला सुरीनं कापल्यासारखं सपाट थांबलं असेल तर साध्या सीडीच्या दर्जाचीच फाइल फुगवून विकलेली आहे. ब्लूटूथवरून ऐकत असाल तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या, कारण ब्लूटूथ हेडफोनकडे आवाज बहुतेक वेळा डेटा कमी करूनच पाठवतो.

एमपीथ्रीची परीक्षा घ्यायची तर याच अल्बममधल्या ‘टाइम’च्या सुरुवातीची घड्याळं. पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक घड्याळ वेगळं रेकॉर्ड केलं होतं. टोल पडतो तो क्षण धारदार असतो, आणि कमी बिटरेटचा (सेकंदाला कमी डेटा वापरणारा) एमपीथ्री अशा क्षणाच्या किंचित आधी एक धुरकट सावली सोडतो, जणू टोल पडायच्या आधी कुणी खाकरलं. १२८ केबीपीएसला मला ते हेडफोनवर ऐकू येतं. चांगल्या एन्कोडरनं केलेल्या ३२० ला येत नाही, आणि आलं म्हणणाऱ्या दहाजणांपैकी नऊजण डोळे झाकल्यावर मागे हटतात असा माझा अनुभव आहे. ‘मनी’मध्ये बँडचे गिटारवादक डेव्हिड गिलमोर यांच्या सोलोचा मधला भाग एकदम कोरडा होतो, गुंज काढून टाकल्यासारखा, आणि पुढे परत ओला होतो. कुठल्या प्रतीत हा कोरडा-ओला फरक जास्त ठळक आहे ते ऐका. दाबलेल्या मास्टरमध्ये दोन्ही भाग सारखेच पुढे येऊन बसतात.

आता प्रत्यक्ष तुलना कशी करायची. एलपी एखाद्या साध्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसमधून (आवाज संगणकात नेणाऱ्या डबीतून) संगणकात घ्या, पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठ्या जागीही लाल दिवा लागणार नाही. सीडी फाइल करून घ्या. चारही प्रतींतून पंधरा-वीस सेकंदांचे तेच तुकडे कापा. लांब तुकडे नकोत. टर्नटेबलचा वेग आणि कॅसेटचा वेग सीडीशी तंतोतंत जुळत नाही, मिनिटाभरात दोघं एकमेकांपासून दूर जातात आणि तुम्ही आवाजाऐवजी तेच ऐकत बसता. तुकडे ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये घेऊन लाउडनेस नॉर्मलायझेशननं सगळे एकाच पातळीवर आणा. मग फूबार या फुकट प्लेअरमध्ये एबीएक्स नावाची जोड घाला. ती तुम्हाला क, ख आणि एक अज्ञात क्ष ऐकवते. क्ष म्हणजे क की ख ते तुम्ही सांगायचं. सोळा वेळा करा. बारा किंवा जास्त बरोबर आले तर अंदाजपंचे तसं होण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी, म्हणजे तुम्हाला खरंच ऐकू येतंय. दहा आले तर स्वतःला शाबासकी देऊ नका, नाणेफेकीतही तेवढे येतात.

एलपी आणि सीडी तुम्ही सोळापैकी सोळा ओळखाल, खरखरीवरून. ते ओळखणं झालं, चांगलं ठरवणं नव्हे. म्हणून एलपीचा तुकडा निवडताना खरखरीला झाकेल इतका भरगच्च भाग निवडा. दोन डिजिटल प्रती असतील तर अजून सोपं: दोन्ही एकाच सँपल रेटला (उदा. ४४.१ किलोहर्ट्झला) आणा, एकीची लाट उलटी करा, दोन्ही बरोबर एकावर एक ठेवून वाजवा. पूर्ण शांतता आली तर दोन्ही एकच, वाद मिटला. पातळी जुळवूनही गाण्याचं भूत ऐकू येत राहिलं तर मास्टर वेगळं आहे.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते प्रामाणिकपणे सांगतो. तुमची खोली कशी आहे, स्पीकर भिंतीला चिकटलेत का, टर्नटेबलची सुई गोल टोकाची आहे की लंबगोल, तिचे किती तास झाले, हे मला दिसत नाही, आणि यातली कुठलीही एक गोष्ट वरच्या सगळ्या चर्चेपेक्षा मोठा फरक पाडू शकते. तुम्ही कुठे ऐकता तेही. गाडीत मला दाबलेलं मास्टरच बरं वाटतं, कारण हृदयाचे ठोके इंजिनात बुडून जातात. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून पैज लावायची तर माझा क्रम असा: स्टीरिओ ऐकायला तुमची जुनी सीडी, तिच्या अगदी पाठोपाठ अ‍ॅटमॉस बंद करून स्ट्रीमिंग, मग एलपी. एलपी तिसरी फक्त त्या दोन बाजूंच्या शेवटच्या गाण्यांमुळे. ‘ब्रीद’ किंवा ‘मनी’पुरतं म्हणाल तर ती पहिलीही येऊ शकेल.

म्हणून पैसे पाचव्या प्रतीवर घालवू नका. लंबगोल किंवा त्याहून बारीक टोकाची चांगली सुई घ्या आणि ती बसवताना अलाइनमेंटचा (सुईचा कोन जुळवायचा) कागदी मापक वापरा. सुईचा तबकडीवरचा भार कंपनीनं सांगितलेल्या मर्यादेतच ठेवा, वरच्या टोकाकडे. ‘तबकडी झिजेल’ म्हणून कमी ठेवला तर सुई खाचेत आदळत राहते आणि उलट जास्त झिजवते. हे केल्यावर ‘ग्रेट गिग’ पुन्हा ऐका. उरलेल्या पैशांत दोन जाड पडदे आणि एक गालिचा. पाहुण्यांना सांगायला काही राहत नाही खरं, पण फरक पडतो.

कॅसेट मी क्रमात धरली नाही, कारण तिचं काम वेगळं आहे, आणि खरं तर घाई फक्त तिचीच आहे. बाकी तिन्ही उद्या बाजारात परत मिळतील. वडिलांनी बहुधा सी-९० वर भरली असणार. तिची एक बाजू ४५ मिनिटांची, अल्बम साधारण ४३ मिनिटांचा, तेव्हा अख्खा एका बाजूला बसतो आणि मागच्या बाजूला काहीतरी दुसरं असतं. तेही ऐकून घ्या.

वाजवायच्या आधी, टेप जिथे उघडी दिसते त्या कडेच्या मधल्या फटीत बघा. टेपच्या मागे तांब्याच्या पट्टीवर नखाएवढा फेल्टचा तुकडा दिसायला हवा. इतक्या वर्षांत त्याचा गोंद सुटतो, तो पडून जातो आणि मग आवाज येतो-जातो, लोकांना वाटतं टेप खराब झाली. पडला असेल तर एखाद्या निकामी कॅसेटमधला काढून अगदी कणभर गोंदानं बसवता येतो. मग एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण गुंडाळून घ्या म्हणजे चिकटलेले पदर सुटतील. डॉल्बी बी (टेपची सूसू कमी करणारी पद्धत) लावून भरली होती का हे कव्हरवर वडिलांनी लिहिलं असेल. नसेल तर दोन्ही करून बघा, लावल्यावर सगळं घोंगडीखाली गेल्यासारखं वाटलं तर भरताना डॉल्बी नव्हतं.

आणि शेवटचं काम छोट्या स्क्रू ड्रायव्हरचं. डेकच्या हेडशेजारी (टेप वाचणाऱ्या भागाशेजारी) एक स्क्रू असतो, बहुतेक डेकमध्ये त्यासाठी पुढे बारीक भोक ठेवलेलं असतं. तो हेडचा तिरपेपणा ठरवतो. वडिलांनी ज्या डेकवर भरली त्याचं हेड तुमच्या डेकसारखं उभं असेलच असं नाही. सिंबल वाजत असलेली जागा लावा, आउटपुट मोनो करा आणि स्क्रू केसभर, अगदी केसभर, फिरवा. आधी सगळं मळकट राहील, मग एका क्षणी सिंबल अचानक उघडेल, जरा पुढे गेलं की परत मिटेल. उघडलेल्या जागेवर थांबा, आउटपुट परत स्टीरिओ करा, टेप सुरुवातीला न्या आणि लगेच संगणकावर रेकॉर्डिंग सुरू करा, कारण टेप परत परत घासण्यात अर्थ नाही. काम झालं की स्क्रू मूळ जागी न्यायला विसरू नका. म्हणून फिरवायच्या आधी त्यावर मार्करनं एक ठिपका काढून ठेवा.